फ्लश नीट होत नाही? आधी एक बादली पाणी ओता

नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते. रोटांना, म्हणजे तिच्या नैवेद्याला, सगळे भाऊबंद एका घरात गोळा होतात. दोन वर्षांपूर्वी रोट आमच्याकडे होते. शनिवारी संध्याकाळपर्यंत जळगावच्या आमच्या घरात २२ माणसं जमली आणि ऐन सात वाजता खालचा कमोड तुंबला. बटण दाबलं की पाणी वर चढायचं, कडेला टेकायचं आणि पाच-दहा मिनिटांनी हळूहळू उतरायचं. घाण मात्र जागेवरच.

मी घाबरून अर्धी बाटली अॅसिड ओतलं. काही फरक पडेना, तेव्हा जाऊबाई टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरचा, डबा घेऊन निघाल्या. तेवढ्यात आमचे प्लंबर आप्पा आले आणि त्यांनी तो डबा दारातच काढून घेतला. अॅसिड आणि टीसीएल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. खिडकी नसलेल्या चार बाय तीनच्या संडासात तो छातीत गेला तर माणूस जागेवर कोसळू शकतो. आप्पांनी आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं, दार उघडं ठेवलं आणि मला म्हणाले, "पानी कोठे अडकस ते पहिले देख बहीन, मंग हात लाव."

पाणी कुठे अडकतं ते आधी बघ. त्या रात्रीपासून आमच्या, माहेरच्या आणि शेजारच्या घरांतले बरेच संडास मी याच एका प्रश्नावर दुरुस्त केले आहेत. निम्म्या वेळा प्लंबरला बोलवावं लागलं नाही. उरलेल्या वेळी त्याला नेमकं काय सांगायचं ते कळलं, त्यामुळे फरशी उगाच फुटली नाही.

आपल्याकडेच हे जास्त का होतं

दुरुस्तीला हात घालण्याआधी खानदेशातल्या तीन गोष्टी लक्षात घ्या, कारण बहुतेक बिघाड त्यांतूनच येतात.

पहिली, पाण्याची चणचण. नळ रोज येत नाही. पाणी पिंपात आणि गच्चीवरच्या टाकीत साठवायचं आणि जपून वापरायचं, ही सवय अंगात मुरलेली आहे. म्हणून संडासात मगाने दोन-तीनदा थोडं थोडं पाणी टाकलं जातं. तेवढ्याने भांडं स्वच्छ दिसतं, पण मैला ट्रॅपच्या, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीच्या, पुढे पाइपात दोन-चार फुटांवर जाऊन बसतो. दुसऱ्या दिवशीचा त्यावर, तिसऱ्या दिवशीचा त्याच्याही वर. दहा लिटर पाणी पाच वेळा दोन-दोन लिटर टाकण्यापेक्षा एकदम टाकलं तर त्याच पाण्यात पाइपही धुऊन निघतो. पाणी वाचवायला फ्लशच्या टाकीत वीट किंवा भरलेली बाटली ठेवतात, तेही अंगाशी येतं. दर वेळी लिटरभर वाचतं आणि फ्लश दोनदा करावा लागतो. शिवाय विटेचा चुरा वायसरखाली जाऊन गळती लागते ती वेगळीच.

दुसरी, बोअरचं जड पाणी. स्टीलच्या हंड्याला आतून जो पांढरा थर चढतो, तोच थर फ्लशच्या टाकीत, फुग्याच्या व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात आणि कमोडच्या काठाखाली चढत असतो.

तिसरी, काळी माती. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि आषाढ-श्रावणात ती फुगते. तिच्यात नुसता चर खणून टाकलेला पाइप दर वर्षी थोडा वर-खाली होतो. तीन-चार वर्षांत कुठेतरी पोट काढतो, नाहीतर जोड सुटतो.

बादलीची चाचणी

भांडं आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर थांबा, पाणी उतरू द्या. अॅसिड ओतलेलं असेल तर अजून थांबा. मग बाजूने हळू पाणी सोडून ते पातळ होऊ द्या. अॅसिडचं पाणी डोळ्यात उडालं तर दुखणं आयुष्यभराचं.

आता ८ ते १० लिटरची बादली भरून घ्या. कमरेच्या उंचीवरून, भांड्याच्या मधोमध, दोन-तीन सेकंदांत सगळं पाणी एकदम ओता. घाबरून धार बारीक केलीत तर काहीच कळणार नाही. कमोड असो की भारतीय बैठकीचं भांडं, चाचणी तीच. एक माणूस शेजारच्या न्हाणीघराच्या जाळीपाशी उभा करा. नजर भांड्यावर आणि कान जाळीवर.

पाणी झपकन ओढलं गेलं आणि शेवटी घळ्ळकन आवाज आला, तर खालची वाट मोकळी आहे. बिघाड वर आहे, फ्लशच्या टाकीत किंवा कमोडच्या काठात. प्लंजर (रबरी वाटीचा दांडा), स्प्रिंग (पाइपात सारायची लवचीक तार), अॅसिड यांतलं काहीही लागणार नाही.

पाणी वर चढून हळूहळू उतरलं आणि न्हाणीघराची जाळी मात्र गप्प, तर अडथळा जवळच आहे. ट्रॅपमध्ये किंवा पहिल्या चेंबरपर्यंतच्या (बाहेरच्या लाइनवरचं तपासणीचं भोक) पाइपात.

पाणी गेलं, पण जाळीतून गुडगुड ऐकू आली, तर पुढची लाइन अर्धवट तुंबली आहे किंवा गच्चीवर गेलेला हवेचा पाइप बंद आहे.

जाळीतून घाण पाणी वर आलं, तर घरातला सगळा वापर बंद करा, धुण्याचं मशीनसुद्धा. अडथळा चेंबरच्या पुढे आहे किंवा सेप्टिक टाकी भरली आहे.

आमच्याकडे त्या रात्री दुसरा प्रकार निघाला. पण सर्वांत जास्त घरांत पहिलाच आढळतो, म्हणून सुरुवात तिथून.

बिघाड टाकीत असेल तर

झाकण दोन्ही हातांनी सरळ वर उचला. बटणाच्या टाकीत आधी बटणाचा गोल नट सोडवावा लागतो. आत बघताना एकच प्रश्न डोक्यात ठेवा: टाकी पुरेशी भरते का, आणि भरलेलं पाणी एकदम सुटतं का?

भरण्याचं आधी. टाकीच्या आत पाण्याच्या पातळीची खूण असते. खूण नसेल तर पाणी ओव्हरफ्लोच्या (जादा पाणी वाहून नेणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडाखाली साधारण २ ते ३ सेंटिमीटरपर्यंत यायला हवं. त्याहून खाली राहत असेल तर फुगा लवकर बंद होतो आहे. पितळी दांडीचा जुना फुगा असेल तर दांडी मधोमध धरून किंचित वर वाकवा. प्लास्टिकच्या व्हॉल्व्हला स्क्रू किंवा सरकणारी पट्टी असते. ती अर्धा फेरा फिरवा, टाकी भरू द्या, बघा, मग पुन्हा अर्धा फेरा. एका दमात फिरवलंत तर पाणी ओव्हरफ्लोतून रात्रभर वाहत राहील.

टाकी भरायलाच १५-२० मिनिटं लागत असतील तर अँगल कॉक (टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद करा, कनेक्शन पाइपाचा टाकीकडचा नट पान्ह्याने सोडवा, पाइपाचं तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. धार जोरात आली तर कॉक ठीक, व्हॉल्व्ह चोंदलेला. बहुतेक व्हॉल्व्हच्या तोंडाशी अंगठ्याच्या नखाएवढी जाळी असते. ती पक्कडीने ओढून काढा. मी पहिल्यांदा काढली तेव्हा तिच्यावर वाळूचे कण, शेवाळाचा हिरवा गोळा आणि खडूसारखा थर होता. पाणी यायला सुईएवढी दोन छिद्रं उरली होती. जुन्या टूथब्रशने घासून ती धुतली आणि टाकी तीन मिनिटांत भरली. नवा व्हॉल्व्ह घ्यायला मी दुकानात निघाले होते, तो घ्यावा लागलाच नाही. पाइपाची धारच बारीक असेल तर अँगल कॉक किंवा गच्चीवरून येणारी लाइन क्षाराने अरुंद झाली आहे. कॉक बदलता येतो. बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने घाला.

आता सुटण्याचं. टाक्या दोन तऱ्हेच्या असतात. बाजूला दांडा किंवा साखळी असलेल्या जुन्या टाकीत सायफन असतो. दांडा दाबला की आतला दट्ट्या वर येतो, पाणी वाकड्या नळीवरून पलीकडे लोटतो आणि मग सगळी टाकी त्या ओढीने रिकामी होते. दट्ट्यावर पातळ प्लास्टिकचा गोल पडदा असतो. तो फाटला की दांडा पाच-सहा वेळा पंपासारखा हलवावा लागतो. तुमच्या घरात पाहुण्यांना "जरा जोरात दोन-तीनदा दाबा" असं सांगावं लागत असेल तर पडदाच फाटला आहे असं समजा. पाणी बंद करा, टाकी रिकामी करा, टाकीखालचा मोठा नट सोडवा आणि सायफन बाहेर काढून दुकानात न्या. मापाला मापच लागतं, अंदाजाने आणलेला पडदा परत करावा लागतो. सायफन जुना असेल तर तो अख्खाच बदलावा असं माझं मत आहे. आपल्याकडच्या उन्हाळ्याने प्लास्टिक कडक होतं. एक भाग बदलला की सहा महिन्यांत दुसरा तडकतो.

बटणाच्या टाकीत मधोमध फ्लश व्हॉल्व्ह असतो आणि त्याच्या तळाशी रबरी वायसर. नव्या टाक्यांत लहान बटणाला ३ आणि मोठ्याला ६ लिटर पाणी सुटतं, जुन्या टाक्या १० लिटरच्या असत. नव्या टाकीतून १० लिटरचा जोर मिळणार नाही, म्हणून तिचे ६ लिटर पूर्ण सुटायलाच हवेत. झाकण उघडं ठेवून बटण दाबा. व्हॉल्व्ह पुरता वर उचलला जातो का? बटणाचा दांडा आखूड राहिला असेल तर तो जेमतेम उचलतो आणि लगेच खाली बसतो. दांड्याला आटे असतात, ते फिरवून लांबी वाढते.

वायसर गळतो का हे बघायला कपड्यांना घालायची नीळ वापरा. रात्री झोपताना टाकीत चार थेंब टाका, फ्लश करू नका. सकाळी कमोडमध्ये निळी रेघ दिसली तर टाकी रात्रभर गळते आहे. अशी टाकी कधीच पुरती भरलेली नसते, म्हणून फ्लशला जोर येत नाही. बहुतेक व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवला की तळातून सुटतात. वायसर काढा, त्यावरचा क्षार बोटाने चोळून धुवा, त्याची बसायची जागाही पुसा. कडक झाला असेल किंवा त्यावर खाच पडली असेल तर नवा घ्या. उलटा करून बसवणं हा आठ दिवसांचा इलाज आहे.

टाकी भिंतीवर वेगळी असेल तर तिचा पाइप कमोडला जिथे जोडतो तिथलं रबरही तपासा. बसवताना ते आत दुमडलं गेलं की पाण्याची वाट अर्धी होते. टाकी चांगली, कमोड चांगला आणि फ्लश मात्र पहिल्या दिवसापासून मरतुकडा, असं असेल तर मी आधी तिथे बघते.

काठाखालची छिद्रं

टाकी धडधडून रिकामी होते, बादलीची चाचणीही पास होते, तरी भांड्याच्या कडा धुतल्या जात नाहीत. मग हातात छोटा आरसा आणि मोबाइलचा दिवा घ्या आणि कमोडच्या काठाखाली बघा. तिथे ओळीने छिद्रं असतात, काही कमोडना सलग फट असते. जड पाण्याच्या घरात त्यांवर पिवळट-पांढरी खपली धरलेली दिसेल.

किराणा दुकानात लिंबूसत्व म्हणून मिळणारं सायट्रिक अॅसिड आणा. लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम विरघळवा. जुन्या सुती साडीच्या चार बोटं रुंद पट्ट्या त्यात भिजवून काठाखाली दाबून बसवा आणि रात्रभर राहू द्या. घरच्यांना दुसरा संडास वापरायला सांगा. सकाळी हातमोजे घालून पट्ट्या काढा आणि प्रत्येक छिद्रात वाकवलेली तार फिरवा. खपली कुरकुरीत होऊन पडते. थर जुना असेल तर तीन रात्री लागतात. दुकानातल्या कडक अॅसिडने हे लवकर होतं, पण ते फरशीचा पांढरा सिमेंट खातं, त्याने टाकीतली रबरं खराब होतात आणि सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे जिवाणू मरतात. मी ते घरात ठेवणंच बंद केलं आहे.

अडथळा ट्रॅपमध्ये असेल तर

कमोडच्या किंवा भांड्याच्या खाली वाकडी नळी असते, तो ट्रॅप. त्यात साधारण ५ सेंटिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच घरात वास येऊ देत नाही. हा वाकच वस्तू अडकण्याची पहिली जागा.

अँगल कॉक बंद करा. हातमोजे आणि चष्मा घाला. न्हाणीघराची जाळी त्याच लाइनवर असेल तर तिच्यात ओलं फडकं घट्ट कोंबा, नाहीतर तुमचा सगळा दाब तिकडून निघून जाईल. कमोडसाठी खाली निमुळती रबरी ओठाची पट्टी असलेला प्लंजर घ्या. बेसिनसाठीची सपाट वाटी इथे नीट बसत नाही. भारतीय भांड्यासाठी आप्पांची पद्धत साधी आहे. दांड्याच्या टोकाला ओलं गोणपाट गुंडाळून सुतळीने घट्ट बांधायचं, गोळा ट्रॅपच्या तोंडात जेमतेम शिरेल एवढाच. सुतळी सैल राहिली तर गोणपाटच आत जातं आणि एकाचे दोन अडथळे होतात.

प्लंजरची वाटी पाण्याखाली बुडायला हवी. पहिला दाब हळू द्या, म्हणजे आतली हवा निघून जाईल. मग सलग १५-२० वेळा दाबा आणि ओढा. जोर ओढण्यावर द्या. अडकलेली वस्तू पुढे ढकलली की ती अजून घट्ट बसते, मागे ओढली की सैल होते. शेवटच्या ओढीला वाटी झटक्यात उचला. पाणी उतरलं तर बादलीची चाचणी पुन्हा करा.

नुसताच मैला किंवा कागद असेल तर भांडी घासायचा पातळ साबण अर्धी वाटी टाका, मागून बादलीभर गरम पाणी ओता आणि अर्धा तास थांबा. पाणी हात घालता येईल इतपतच गरम. उकळतं पाणी थंड चिनी मातीवर पडलं तर भांडं तडकतं आणि खालचा पीव्हीसी पाइप मऊ पडतो.

एवढ्याने सुटलं नाही तर स्प्रिंग. हार्डवेअरच्या दुकानात पाच मीटरची मिळते. टोक हळू आत सारा, अडलं की मूठ घड्याळाच्या दिशेने फिरवत पुढे न्या. हाताला फरक कळतो. वाक लागला तर स्प्रिंग कडक अडते आणि फिरवल्यावर पुढे सरकते. मऊ गाळ असेल तर रुतते. कठीण वस्तू असेल तर टकटक लागते आणि स्प्रिंग त्याच जागी फिरत राहते. अशा वेळी पुढे ढकलू नका, गुंतवून मागे ओढा.

आमच्या कमोडमध्ये तशीच टकटक लागली. आप्पांनी चार वेळा ओढलं आणि पाचव्यांदा स्प्रिंगच्या टोकाला बोटभर लांबीचा निळा प्लास्टिकचा पिंजरा अडकून वर आला. सुगंधी वडीचा, काठाला अडकवतात तो. केव्हातरी आत पडला होता आणि वाकात आडवा बसला होता. दोन पट्ट्यांच्या मधून पाणी जात होतं, म्हणून रोजच्या चार माणसांना "फ्लश जरा कमी झालाय" एवढंच जाणवत होतं. २२ माणसांचा भार आला आणि त्यावर केस, कागद, सगळं थटलं. तेव्हापासून आमच्या घरात तो पिंजरा नाही. फ्लश कमी झालाय असं वाटलं की मी त्याच आठवड्यात बादली ओतून बघते.

अशाच वस्तूंमध्ये टूथब्रश, जीभ घासायची पट्टी, शाम्पूच्या पुड्या आणि सॅनिटरी पॅड येतात. पॅड पाण्यात विरघळत नाही, फुगतो. संडासात झाकणाची कचरापेटी आणि शेजारी जुन्या वर्तमानपत्रांचे तुकडे ठेवा. पाहुण्या मुलीला विचारायला संकोच वाटतो, समोर दिसलं की विचारावं लागत नाही.

स्प्रिंगलाही दाद देत नसेल तर कमोड उचलावा लागतो. ते काम प्लंबरचं. बोल्ट आणि पांढरा सिमेंट सोडवताना भांडं तडकण्याची भीती असते.

चेंबर उघडून बघणं

भांड्यापाशी काही सापडलं नाही तर बाहेर या. चेंबर म्हणजे लाइनवरचं तपासणीचं भोक. झाकण उचलायला पहार आणि दोन माणसं लागतात. मुलांना लांब ठेवा, जवळ बिडी-काडी नको, आणि उघडल्यावर थोडा वेळ हवा खेळू द्या.

आत काय दिसतं यावर सगळं ठरतं. वर फ्लश करायला सांगा. चेंबर कोरडं आणि पाणी येतच नाही, तर अडथळा घर आणि चेंबरच्या मधे. स्प्रिंग चेंबरकडून घराच्या दिशेने घाला, बऱ्याचदा ती इकडून सोपी जाते. चेंबर तुडुंब भरलेलं, तर अडथळा पुढे. पुढचं चेंबर उघडा. जे भरलेलं आहे आणि जे कोरडं आहे, त्या दोघांच्या मधे तुमचा अडथळा सापडला.

पाणी येतं पण रेंगाळत येतं, आणि दर दोन-तीन महिन्यांनी हेच होतं, तर उतार तपासा. ४ इंची पाइपाला १० फुटांत ३ इंच उतार हवा. दोन चेंबरांमधली खोली मोजून आणि गवंड्याच्या लेव्हल ट्यूबने हे कळतं. काळ्या मातीत बसलेला पाइप नुसता उचलून पुन्हा त्याच मातीत पुरू नका. चर रुंद करा, खाली मुरूम टाकून ठोका, त्यावर वाळू, मग पाइप, भोवती पुन्हा वाळू. हा खर्च एकदा जिवावर येतो, पण न करता मी दोन वेळा तोच चर खणवला आहे. जवळ कडुनिंब किंवा पिंपळ असेल तर सुटलेल्या जोडातून मुळांचा झुबका आत शिरलेला दिसेल. मुळं कापून भागत नाही, जोड बदलावा लागतो.

सेप्टिक टाकी भरली असेल तर

सगळीच चेंबरं भरलेली, अंगणात वास, आणि शोषखड्ड्याभोवतीची (टाकीतलं पाणी जमिनीत मुरतं तो खड्डा) माती ओली. पावसाळ्यात काळी माती पाण्याने तट्ट भरलेली असते, मग शोषखड्डा पाणी पितच नाही. म्हणून टाकी फक्त श्रावणात उलटत असेल तर दोष शोषखड्ड्याकडे जास्त आहे. तो मोठा करून भोवती वाळू-खडी भरावी लागेल.

एरवी घरगुती टाकी दोन-तीन वर्षांनी उपसायला हवी. आपल्याकडे दहा-दहा वर्षं कुणी झाकण उचलत नाही. नगरपालिकेची किंवा खासगी सक्शन गाडी बोलवा. तळाचा थोडा गाळ राहू द्या, पुढचं कुजवण्याचं काम त्यातले जिवाणू चालू ठेवतात.

इथे एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. टाकीत माणूस उतरवू नका. दोनशे-पाचशे रुपये वाचवायला नाही, "तो नेहमी उतरतो" म्हणून नाही, कुणी स्वतःहून तयार झाला तरी नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. प्रमाण वाढलं की त्याचा वास येणंच बंद होतं, माणूस एक-दोन श्वासांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. संरक्षक साधनांशिवाय कुणाकडूनही सेप्टिक टाकी किंवा गटार साफ करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. गटारात मरण पावलेल्यांच्या कुटुंबांना ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. स्वतःसुद्धा टाकीत वाकून बघू नका आणि काडी ओढून तर मुळीच नाही, आत मिथेन असतो.

गच्चीवर गेलेला हवेचा पाइपही एकदा बघा. त्यात चिमणीचं काड्यांचं घरटं किंवा गांधीलमाशांचं पोळं असेल तर गुडगुड तिथूनच येते. मोकळा करून तोंडाला मच्छरजाळी बांधा.

गावाकडचा दोन खड्ड्यांचा संडास

सासरच्या गावात, अमळनेर तालुक्यात, बहुतेक संडास दोन खड्ड्यांचे आहेत. त्यांचं भांडं जास्त उताराचं असतं, ट्रॅपमध्ये पाणी २ सेंटिमीटरच उभं राहतं आणि दीड-दोन लिटरमध्ये मैला निघून जातो. तिथे एवढ्या पाण्यात जात नसेल तर आधी खड्डा बघायचा.

भांडं आणि खड्ड्यांच्या मधे एक लहान चेंबर असतं, त्यातून दोन वाटा फुटतात. एका वेळी एकच उघडी हवी, दुसरी विटेने किंवा ओल्या मातीने बंद. बऱ्याच घरांत दोन्ही उघड्या सापडतात, मग दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि बदलायला काही उरत नाही. पहिला भरला की वाट बदला आणि त्याला दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवा. मग आत काळपट, कोरडं, वास नसलेलं खत मिळतं. आमच्या सासऱ्यांनी ते लिंबाच्या झाडांना घातलं. नवा खड्डा काळ्या मातीत घेणार असाल तर विटांच्या बांधकामाबाहेर सगळीकडून ३०० मिलिमीटर, म्हणजे फूटभर, वाळू-खडीचा थर भरून घ्या. या थराला बांधणारा हमखास फाटा देतो, म्हणून वाळू आपल्या डोळ्यांसमोर पडू द्या.

झाकण लावण्याआधी

काम झालं की लागोपाठ तीन फ्लश करा. पहिला साधा. दुसऱ्यात वर्तमानपत्राचे तळहाताएवढे चार ओले तुकडे टाका. या आणि तिसऱ्या फ्लशला चेंबर उघडं ठेवा आणि ते चारही तुकडे येताना मोजा. तीनच आले तर चौथा कुठेतरी थबकला आहे, स्प्रिंग पुन्हा फिरवा. चौघे आले की झाकण बसवा. कडेला सिमेंट भरू नका, मळलेली चिकणमाती पुरते. झुरळं येत नाहीत आणि पुढच्या वेळी पहारीने सहज निघते.

आमचं चेंबर अंगणातल्या फरशीखाली गेलं होतं. बांधणाऱ्याने वरून सरळ फरशी बसवली होती. त्या रात्री आप्पा पहारीची मूठ फरशीवर आपटत फिरले आणि तुळशीपासून चार पावलांवर पोकळ आवाज आला, तेव्हा सापडलं. आता तिथल्या फरशीला सुटी चौकट केली आहे आणि नागपंचमीच्या आदल्या दिवशी मी ती उचलून बघते.